गोळ्या संपल्यावर

आंबेपाडा, ता. सुरगाणा
१२ मार्च १९९९

प्रिय ज्योत्स्ना,

हॉस्टेल सुटल्यापासून दिवाळीच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, आणि आज लिहितेय तेही कामासाठी. रागावू नकोस.

माझ्या काकांचा मुलगा लहानू. आपण डी.एड.ला असताना मला नागलीचं पीठ द्यायला नाशकात आला होता आणि तुझ्या सायकलवर बसून हॉस्टेलच्या आवारात चकरा मारत होता, तोच. आता अठरा वर्षांचा झालाय. भात झोडून झालं की आमची माणसं द्राक्षाच्या कामाला वणीकडे उतरतात, तसा यंदा तोही गेला. गेल्या महिन्यात मुकादमाने त्याला जीपमध्ये घालून परत पाठवलं. सोबतच्या बायका सांगतात, झोपेनासा झाला होता, बागेत कुणी नसताना कुणाशी तरी भांडायचा. इथे आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसतो. मधेच कुणाला तरी उत्तर देतो. अक्काबाईकाकूने भाकर पुढे केली तर म्हणतो, यात काहीतरी घातलंय.

पुंजा भगताने येऊन सुपात दाणे टाकून कौल पाहिला. बाहेरचं आहे एवढंच तो बोलला, नाव कुणाचं घेतलं नाही. नाव लोकांनी घेतलं. आमच्या पाड्याच्या कडेला भागीबाई राहते. विधवा, मूलबाळ नाही. लहानू बागेला निघाला तेव्हा वाटेत खायला तिने त्याला भाकर बांधून दिली होती. तेवढं पुरलं. आता विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका घडे उचलून बाजूला होतात. ‘भुताळी’ हा शब्द तुला गोष्टीतला वाटेल. आमच्याकडे त्या शब्दाने बाईचं घर जातं, कधी जीवही जातो.

मी शाळेत शिकवते म्हणून लोक माझ्याकडे बघतात. पण मला काय कळतं? मानसशास्त्राच्या पेपरात आपण व्याख्या पाठ केल्या, त्यांतली एकही इथे कामाची नाही. नाशकात याला कुणाला दाखवायचं, तेवढं कळव.

तुझी,
मीना

*

इंदिरानगर, नाशिक
२१ मार्च १९९९

प्रिय मीना,

सप्रेम जय भीम.

पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी शाळेतून अर्धी सुट्टी घेऊन चौकशी करून आले. मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचा वेगळा डॉक्टर बसतो. सकाळी लवकर यावं लागतं, नाहीतर नंबर लागत नाही. जीपने वणीला या, तिथून एसटी धरा आणि आदल्या दिवशी मुक्कामाला सरळ आमच्याकडे. आईने सांगितलंय, लॉज वगैरे बघायचं नाही.

हा आजार आहे मीना, त्याला औषध आहे, आणि हे तू पाड्यात ठामपणे सांगायला हवंस. एवढं शिकून आपण गप्प बसायचं तर शिकलो कशाला? भागीबाईला त्रास देणाऱ्यांना पोलिसांचं नाव सांग.

मला त्या दिवशी रजा मिळेल असं वाटत नाही. पण अश्विन तुमच्यासोबत येईल. माझा धाकटा भाऊ, तू त्याला शाळेच्या चड्डीत पाहिलंस. आता इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सगळ्या नात्यात तिथवर गेलेला पहिलाच. बाबा सकाळी फिरायला निघाले की भेटेल त्याला ते सांगतात. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा विषय नाही.

निघायच्या आधी कळव.

तुझी,
ज्योत्स्ना

*

आंबेपाडा
२ मे १९९९

प्रिय ज्योत्स्ना,

लहानू जेवतो. ही बातमी आधी.

झोपतोही. काल बैल घेऊन ओढ्यावर गेला आणि परत आला. अक्काबाईकाकू दाराशी उभी राहून रडली. तुझ्या आईला सांग, त्यांनी सोबत बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची तो अजून आठवण काढतो.

पण दवाखान्याचं तुला सांगायलाच हवं, कारण तू नव्हतीस. आम्ही सकाळपासून बसलो होतो, नंबर दुपारी आला. डॉक्टर वाईट नव्हते, थकलेले होते. लहानूकडे न बघता त्यांनी विचारलं, आवाज येतात का. लहानूला शहरातली मराठी पटकन कळत नाही, घाबरला की मुळीच कळत नाही. तो म्हणाला, येतात, एसटीचा येतो. मागची माणसं हसली. मी समजावून सांगेपर्यंत चिठ्ठी लिहून झाली होती. महिन्याच्या गोळ्या, महिन्याने परत या, पेशंटला घेऊन या. काय झालंय, किती दिवस चालेल, काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, बाई, बाहेर रांग बघा.

अश्विन मात्र दिवसभर लहानूला चिकटून होता. दोघं व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून बसले होते, फारसं न बोलता. नंतर लहानू मला म्हणाला, तुझ्या मैत्रिणीचा भाऊ चांगला हाय, काय विचारत नाय. मला तो फार वाळल्यासारखा वाटला. अभ्यास जास्त आहे का?

पाडा शांत झालाय. पण भागीबाईच्या घरी अजून कुणी जात नाही. पोलिसांचं नाव मी घेतलं होतं. त्यावर भिमाजीकाका, लहानूचे वडील, एवढंच म्हणाले की पोलीस जीपने येतील आणि जीपने जातील, तुला इथेच राहायचंय.

तुझी,
मीना

*

इंदिरानगर
१९ ऑगस्ट १९९९

प्रिय मीना,

जूनमध्ये तुम्ही आला नाहीत. जुलैमध्येही नाही. मी दवाखान्यात जाऊन गोळ्या मागितल्या, तर तिथल्या बाईंनी मलाच सुनावलं की पेशंट आल्याशिवाय मिळत नाहीत, आणि तुमची माणसं मधेच सोडतात म्हणून मग आजार उलटतो. मीना, औषध नियमित घ्यावं लागतं, हे तू तरी त्यांना पटवून दे. एक महिना घेतलं आणि बरं वाटलं म्हणून सोडलं, असं नाही चालत.

अश्विन ठीक आहे. परीक्षा आहे, घरीच असतो.

घाईत,
ज्योत्स्ना

*

आंबेपाडा
७ सप्टेंबर १९९९

ज्योत्स्ना,

तुझं पत्र मी शाळेच्या पायरीवर बसून वाचलं आणि घडी घालून ठेवलं. आता राग थोडा उतरलाय म्हणून लिहितेय.

‘तुमची माणसं मधेच सोडतात.’ जूनपासून ओढा भरून वाहतोय. मोरीच्या पुलावरून पाणी गेलं की जीप येत नाही. आवणीच्या दिवसांत घरातली दोन माणसं दोन दिवस नाशकाला गेली तर भात कोण लावणार? गोळ्या काही आम्ही सोडल्या नाहीत, त्या संपल्या. इथे तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं तर ताप-खोकल्याच्या आहेत म्हणाले, डोक्याच्या नाहीत. एका मुलाला उभं करण्यासाठी दर महिन्याला सगळा तालुका ओलांडून जायचं, ही कुठली पद्धत? आणि नाही गेलं तर आम्ही अडाणी.

आता पुढचं ऐक. जुलैच्या अखेरीस लहानूचं परत सुरू झालं. एका सकाळी लावलेल्या भातातून पळत सुटला, कुणीतरी मागे लागलंय म्हणून ओरडत. पाच-सहा जणांनी धरून आणला आणि दाव्याने खांबाला बांधला. बांधणाऱ्यांत भिमाजीकाका होते. मी सोडा म्हणाले, तर म्हणाले, ओढ्यात गेला तर तू आणून देशील का?

आणि त्याच दुपारी माणसं भागीबाईच्या घरावर गेली. मी मधे उभी राहिले, माझ्या शेजारची रंगूबाई उभी राहिली, अजून दोघी. आम्ही चौघींनी तिच्या अंगाला हात लागू दिला नाही, पण कौलं फुटली, कणगी उलटवली, भात चिखलात गेला. ती रडली नाही. एक लुगडं आणि एक पातेलं घेऊन ती तिच्या बहिणीच्या गावाला चालत निघून गेली. भर पावसात.

तू म्हणालीस ठामपणे सांग. सांगितलं होतं मी. ‘आजार आहे, औषध आहे’ असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मग औषध संपलं, आणि माझं सांगणंही खोटं पडलं.

मीना

*

आंबेपाडा
१६ जानेवारी २०००

प्रिय ज्योत्स्ना,

सप्टेंबरनंतर मी तुला दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. नोव्हेंबरमध्ये आम्ही दवाखान्यात आलो तेव्हा तुझ्या दारापर्यंत आलो होतो. तुझ्या आईंनी दार अर्धंच उघडलं, घरात पाहुणे आहेत म्हणाल्या, आणि पाणी बाहेर आणून दिलं. पहिल्या वेळी त्यांनी लहानूला आपल्या ताटात जेवायला घातलं होतं. मला काय वाटायचं ते वाटलं. डोंगरातली माणसं, त्यात वेडा मुलगा, कॉलनीत दिसायला नकोत. तसं असेल तर तसं लिही. मला खोटे पाहुणे नकोत.

हे टोचलं होतं म्हणून आधी लिहिलं. आता इथलं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही एकटे आलो नव्हतो. भागीबाई गेल्यावर रंगूबाई आणि मी आजूबाजूच्या पाड्यांत विचारत फिरलो, की असं आजारी कुणाच्या घरी आहे का. पहिल्यांदा सगळे नाही म्हणाले. मग पुंजा भगत स्वतः माझ्या शाळेत आला. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, “माझ्याकडं येत्यात त्यातली काही माझ्यानं बरी होत नाय. मला ठावं हाय. मी माझं करतो, तू तुझ्या गोळ्या दे. पण माझ्याकडं येऊ नका असं कुणाला सांगू नको.” मी कबूल केलं. त्यानेच घरं दाखवली. एक मुलगी होती, लग्नानंतर महिनाभरात माहेरी आणून टाकलेली, बोलणं बंद. एक तरुण, गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, दारूत बुडालेला, दोनदा फासातून सोडवलेला. फेफरं येणारी दोन मुलं. सगळ्यांनी मिळून एक जीप केली आणि नाशिकला आलो. लहानूच्या गोळ्याही तेव्हाच परत सुरू झाल्या.

परतीच्या जीपमध्ये बायका बोलायला लागल्या, त्या थांबेचनात. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सुरगाण्यात बैलबाजारामागच्या चिंचेखाली आम्ही बसतो. कुणाच्या गोळ्या संपत आल्या, कुणी खाणं सोडलं, कुणाला घरात बांधलंय, ते तिथे कळतं. मग त्या घरी दोघी-तिघी जातात. सल्ला द्यायचा नाही असं ठरवलंय, सल्ल्याला सगळेच कंटाळलेत. कामाला हात लावायचा, म्हणजे घरच्या माणसाला जरा बाहेर पडता येतं. त्या बोलणं बंद झालेल्या मुलीजवळ लहानू बसतो. पहिल्या दिवशी तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, चालेल.

भागीबाईला आणायला मी दिवाळीत गेले होते. ती भेटली नाही, किंवा भेटायचं नव्हतं.

लिही किंवा नको लिहूस. तुझी मर्जी.

मीना

*

इंदिरानगर
९ फेब्रुवारी २०००

प्रिय मीना,

घरात पाहुणे नव्हते. घरात अश्विन होता.

तू लिहिलंस ते वाचून मला राग आला नाही, बरंच वाटलं, कारण आता लपवत बसायला नको.

जून महिन्यात कॉलेजमधून पत्र आलं की याची हजेरी नाही, परीक्षेला बसता येणार नाही. आम्हांला काही पत्ता नव्हता. रोज सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा. कुठे जायचा? गोल्फ क्लबच्या मैदानावर बसून राहायचा. का जात नाहीस म्हणून बाबांनी विचारलं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. त्या दिवसापासून त्याने खोलीचं दार लावून घेतलं. जेवण आत द्यावं लागतं, अर्धं परत येतं. सप्टेंबरमध्ये त्याने आईच्या झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. वेळेत कळलं. त्याच आठवड्यात तुझं ते रागाचं पत्र आलं होतं. मी ते वाचलं आणि मिटून ठेवलं.

आम्ही त्याला दुसऱ्या भागातल्या खाजगी डॉक्टरकडे नेतो, म्हणजे ओळखीचं कुणी भेटणार नाही. रिक्षा कॉलनीच्या बाहेर उभी करतो. शेजारी विचारलं तर कावीळ झाली म्हणून सांगतो. बाबा सकाळी फिरायला जायचे बंद झालेत.

मीना, तुला जे जे लिहिलं होतं, आजार आहे, औषध आहे, ठामपणे सांग, ते मला स्वतःच्या जिन्यात उभी राहून सांगता येत नाही. आई म्हणते, मुलीचं लग्न व्हायचंय. म्हणजे माझं.

हे पत्र जपून ठेवू नकोस.

ज्योत्स्ना

*

आंबेपाडा
२ मार्च २०००

प्रिय ज्योत्स्ना,

मी तुझ्याबद्दल भलतंच धरून बसले होते. आता ते गेलं.

चिंचेखाली मी नाव न घेता सांगितलं, की माझ्या मैत्रिणीचा भाऊ आजारी आहे. लहानूने लगेच ओळखलं. म्हणाला, मला तेव्हाच ठावं होतं, तो माझ्यासारखाच बसला व्हता. अश्विनला म्हणावं ये, आपण परत भिंतीला टेकून बसू.

तर त्याला घेऊन ये. आठ दिवस माझ्या घरी राहा. इथे कुणी कॉलेजचं विचारणार नाही. आणि नाही जमलं तर तिथेच काहीतरी करा. तुमच्या कॉलनीत विहार आहे, रविवारी सगळे जमतात, तू म्हणायचीस की बाईचं दुखणं असो की पोराची फी, तिथे मार्ग निघतो. मग हे का नाही तिथे बोलायचं? तुमच्याच घरी असं आहे, असं मला वाटत नाही. इथेही आधी सगळे नाहीच म्हणाले होते.

तुझी,
मीना

*

इंदिरानगर
१४ एप्रिल २०००

मीना,

आज जयंती. बाहेर मिरवणूक चालली आहे आणि मी खिडकी लावून तुला लिहितेय.

तू म्हणालीस म्हणून मी विहारात गेले. समितीच्या माणसांना भेटले. घरचं नाही सांगितलं, तरुण मुलांच्या मनाच्या त्रासाविषयी महिन्यातून एकदा बसू या, एवढंच म्हटलं. सगळे भले लोक आहेत, बाबांबरोबर उभं आयुष्य काढलेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाले, ताई, आपण इथवर कसे आलो हे तुला माहीत आहे. आता कुठे आपली मुलं डॉक्टर-इंजिनियर व्हायला लागलीत. त्यांची डोकी कमजोर आहेत असं आपणच म्हणायला लागलो, तर टपून बसलेल्यांना आयतंच मिळेल. विषय जयंतीनंतर घेऊ म्हणाले. म्हणजे घेणार नाहीत.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? मला त्यांचं म्हणणं चूक आहे असं तिथे म्हणता आलं नाही. कारण ते पूर्ण चूक नाहीच.

तुमच्या पाड्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून तुम्ही चिंचेखाली बसू शकता. आमच्यावर कुणाकुणाचे डोळे आहेत, हे तुला डोंगरातून दिसणार नाही. अश्विनने काही भातातून पळ काढला नाही, तो इंजिनियरिंगचा विद्यार्थी आहे. त्याला लहानूसारखं बाजारात नेऊन बसवायचं? कृपा करून मला आता मार्ग सुचवू नकोस.

ज्योत्स्ना

*

आंबेपाडा
२३ जुलै २०००

प्रिय ज्योत्स्ना,

लहानूने फक्त विचारलं की अश्विन येईल का. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. तुझं पत्र दाखवलं नाही. मार्ग सुचवत नाही. इथलं सांगते, म्हणजे तुला कळेल की आमचंही सगळं सुरळीत नाही.

मे महिन्यात सुरगाण्यात शिबिर झालं. आमच्या बैठकीचं कुणीतरी वर कळवलं असावं. मांडव घातला, बॅनर लावलं, साहेब आले. आमच्या माणसांना पुढच्या खुर्च्यांवर बसवून फोटो काढले. ती मुलगी, जिचं बोलणं बंद होतं आणि जी आता थोडं बोलते, तिला माइक दिला. ती घामाघूम झाली. रंगूबाईने उठून माइक काढून घेतला, तर साहेब रागावले. नाशिकहून एक तरुण डॉक्टर आले होते, खरोखर चांगले. जमिनीवर बसून एकेकाशी बोलले, लहानूला त्याच्या भाषेत बोलू दिलं आणि मला विचारून घेतलं. सगळ्यांसमोर ठरलं की तालुक्याच्या दवाखान्यात दर महिन्याला गोळ्या येतील आणि ते स्वतः येतील.

जूनमध्ये ते आले, गोळ्याही आल्या. आम्ही नारळ देऊन त्यांचा मान केला. जुलैमध्ये त्यांची बदली झाली. दवाखान्यातल्या माणसाने औषधांचं कपाट उघडून दाखवलं, रिकामं. वरून आल्या नाहीत म्हणतात. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही. पुन्हा ओढ्याला पाणी आहे.

या वेळी मात्र पाऊस लागायच्या आधी आम्ही शहाणपणा केला. सहा जण नाशकात जाऊन आपापल्या गोळ्या जास्तीच्या मागून आलो, डॉक्टरांशी भांडून. त्या आता वाटून पुरवतोय. कुणाच्या कुठल्या, त्यात घोळ होऊ नये म्हणून रंगूबाई डोळ्यांत तेल घालून बघते. हे बरोबर नाही, मला कळतं. पण बरोबर असं काय आहे आमच्या हातात?

मी इथे ओरडू कुणावर? इथले सगळे तर वरून आलेल्या कागदावर सही करण्यापुरतेच आहेत.

तुझी,
मीना

*

इंदिरानगर
२६ नोव्हेंबर २०००

प्रिय मीना,

सप्रेम जय भीम.

एप्रिलमध्ये मी तुला जे लिहिलं, त्यातलं ‘डोंगरातून’ आणि ‘लहानूसारखं’ हे दोन शब्द मागे घेते. बाकीचं घेत नाही. त्यावर आपण कधीतरी समोरासमोर भांडू.

ऑक्टोबरमध्ये आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलीने जाळून घेतलं. बारावीला होती. सगळ्यांनी स्टोव्हचा भडका म्हटलं, आम्हीही म्हटलं. स्मशानातून आल्यावर आई मला म्हणाली, विहार नसेल तर आपलं घर आहे. लग्न व्हायचं तर होईल.

गेल्या रविवारी बैठक झाली. आई दारोदार जाऊन सांगून आली होती. बाबा विरोधात होते, पण खुर्च्या त्यांनीच लावल्या. किती आल्या म्हणशील? तिघी. त्यांतली एक चप्पल न काढता दारातच उभी. अर्धा तास नुसता चहा झाला. मला तर वाटलं, हसं झालं आपलं.

मग त्यांतल्या एकीने आईला विचारलं, तिची मुलगी कॉलेजला जात नाही, दिवसभर पडून असते, हा आळस की आजार, कसं ओळखायचं. मी सगळं वाचून ठेवलं होतं, मी सुरू झाले. झोप, भूक, लक्ष न लागणं. आतल्या खोलीचं दार उघडलं. अश्विन चौकटीत उभा होता. दाढी वाढलेली, महिनाभर न बदललेला शर्ट. बाबा उठायला लागले, तर आईने त्यांचा हात धरला.

तो त्या बाईला म्हणाला, “काकू, तुम्ही तिला विचारलंत का? मला अजून कुणी विचारलेलं नाही.”

मीना, हे खरं होतं. आम्ही का जात नाहीस विचारलं, आता काय करणार विचारलं, डॉक्टरांना विचारलं, कॉलेजला विचारलं. काय झालं रे, असं कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी विचारलं. खुर्चीत तसेच बसून, सगळ्यांसमोर, “काय झालं रे बाळा?”

त्याने सांगितलं, फार हळू. प्रॅक्टिकलला त्याला कुणी जोडीला घेत नसे. सर वर्गात हसत म्हणायचे, तुला काय रे चिंता, तुला सीट मिळाली तशी डिग्रीही मिळेल. एकदा नाही, दर आठवड्याला. त्याला वाटायचं, घरी सांगितलं तर बाबा मोडून पडतील. म्हणून तो मैदानावर बसायचा. सांगून झाल्यावर तो आत गेला आणि दार लावून घेतलं. पण कडी लावली नाही.

बरं झालं असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. बाबा कॉलेजात जाऊन आले, तिथे त्यांना सांगितलं की मुलाचा गैरसमज असेल. त्या सरांचं काहीही होणार नाही. समितीतल्या काही घरांनी आमच्याशी बोलणं कमी केलंय. पुढच्या रविवारी परत बसणार आहोत.

अश्विनने विचारलंय, लहानू कसा आहे.

तुझी,
ज्योत्स्ना

*

आंबेपाडा
३० जानेवारी २००१

प्रिय ज्योत्स्ना,

तुझं पत्र मी लहानूला वाचून दाखवलं. त्याने शेवटची ओळ परत वाचायला लावली.

तो कसा आहे ते सांगते. भात झोडून झाल्यावर पाड्याची बैठक बसली होती, विहिरीच्या कामाची. तिथे लहानू उठला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नाही, जमिनीकडे बघत बोलला. म्हणाला, “भागीबाईनं मला काय केलं नाय. मी आजारी व्हतो. तिला परत आणा.” पुंजा भगत मागे बसला होता, तो म्हणाला, पोरगं खरं बोलतंय, दाण्यात तिचं नाव कधी आलं नव्हतं. मला वाटलं, हे तो दीड वर्षापूर्वी मोठ्याने बोलला असता तर. पण बोलला. भिमाजीकाकांनी तिची कौलं घालून द्यायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी लहानू आणि मी तिच्या बहिणीच्या गावी गेलो. या वेळी ती भेटली. गोठा झाडत होती. लहानूने तिच्या पायाला हात लावला, आणि तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पोरा, भरलास रे, म्हणाली. आम्हांला नागलीची भाकर वाढली. मी मोठ्या उमेदीने सगळं सांगितलं, बैठकीचं, कौलांचं. ती उठून परत अंगण झाडायला लागली.

मग म्हणाली, “हा बरा हाय तवर मी चांगली. उद्या याच्या गोळ्या सरल्या, आन् हा परत पळाला, तर?”

तिथे झाडलेल्या अंगणात मी नुसती उभी राहिले. लोकांच्या मनात अजून काही ना काही असणारच, आणि तिचं घर एका रिकाम्या कपाटावर टांगलेलं आहे. परतताना लहानू माझ्या पुढे झपाझप चालत होता. मी घाबरले होते. गावाजवळ आल्यावर तो म्हणाला, मग गोळ्याच आणू.

म्हणून आता आम्ही बाजाराच्या दिवशी चिंचेखाली बसत नाही. तालुक्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसतो. आजारी माणसं, घरची माणसं, भाकरी, पोरंबाळं, सगळे. घोषणा नाहीत. डॉक्टर म्हणतात गर्दी करू नका, रंगूबाई म्हणते, आम्ही पेशंट आहोत, औषध दिलं की जातो. औषध नसतं, तोवर नाशकातून आणलेलंच पुरवतो. आम्ही संध्याकाळपर्यंत बसतो आणि पुढच्या बाजाराला परत येतो. जिल्ह्याला तीन अर्ज झाले, त्यांची पोचसुद्धा नाही. कधीकधी वाटतं, या व्हरांड्यातच आम्ही म्हातारे होऊ.

गेल्या बाजाराला भागीबाई आली. कुणी बोलावलं नव्हतं. बहिणीच्या गावाहून चालत आली, लोकांनी सरकून जागा केली, काही सरकले नाहीत. ती सरळ पुढे जाऊन खिडकीशी उभी राहिली. आतल्या माणसाने वर न बघता विचारलं, पेशंट कोण? तिने लहानूकडे बोट केलं. मग त्याने विचारलं, तुम्ही याच्या कोण?

ती म्हणाली, “याचा आजार माझ्या नावावर लावला व्हता. म्हणून गोळ्या मी मागते.”

त्या माणसाला काही समजलं नाही. त्याने सांगितलं, नाहीत, पुढच्या बाजाराला या. ती हो म्हणाली आणि खिडकीखालीच बसली.

तुझी,
मीना